सातव्या मजल्यावरचं मोहोळ

पुण्यात थंडीची वर्दी सगळ्यांच्या आधी आग्या माश्यांना लागते. दिवाळीच्या आसपास, रस्त्याकडेला स्वेटरवाल्यांचे तंबू पडायच्याही आधी, एखाद्या उंच इमारतीच्या कठड्याखाली काळसर डाग दिसू लागतो. सकाळी तिथं काही नव्हतं. दुपारी कुठूनसा गुंजारव आला, आभाळात काहीतरी गरगरलं, आणि दिवेलागणीला हजारो माश्या एकमेकींच्या पायांत पाय अडकवून सिमेंटला लोंबकळत होत्या. काही आठवड्यांत त्या जिवंत पडद्याआड हातभर रुंदीचं पोळं तयार होतं. पावसाची चाहूल लागली की पोळं ओस टाकून सगळ्या निघून जातात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिथंच येतात. तीच इमारत, पुष्कळदा तोच कठडा. गेलेल्या कामकऱ्यांपैकी एकही तोवर जगलेली नसते. तरी पत्ता चुकत नाही, हे मला इतक्या वर्षांत अजून पचलेलं नाही.

माश्यांच्या मागोमाग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो. त्यावर लाल गोल. खाली ‘अर्जंट’, त्याखाली ‘मुलं खेळतात तिथं’, त्याखाली ‘पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?’ या गडबडीत एखादी शहाणी बाई आमच्यापैकी कुणाचा तरी नंबर टाकून देते, आणि आमचा हंगाम सुरू होतो.

आम्ही म्हणजे शहरात मधमाश्या पाळणारी, सांभाळणारी, हलवणारी काही माणसं. नोंदणी नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. तीन माणसं जमली की मंडळ काढणाऱ्या या गावात हे नवलच. एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, त्यांना माश्यांपेक्षा हिशेबाची आवड जास्त. एक शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्यांच्या गच्चीवर पेट्या आहेत आणि खाली शिलाई मशीन. आयटीतलं एक जोडपं आहे. आणि एक तरुण, जो आधी फवारणीचीच कामं करायचा. एकदा जमिनीवरचा मेलेल्या माश्यांचा खच झाडून भरताना त्याला काहीतरी झालं. काय झालं ते तो सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

आमच्यातले बरेच जण गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकलेले. १९६२ पासून ती संस्था तिथं आहे, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची. रोज तिच्यावरून हजारो माणसं बसनं, दुचाकीनं जातात, आणि आत काय चालतं ते त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मीही कित्येक वर्षं त्याच रस्त्यानं जात होते.

आमच्या पेट्यांत असते ती सातेरी, आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी पोळी बांधणारी, म्हणून ती पेटीत राहायला राजी होते. आग्याला उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लागतं. ती कुणाच्या पेटीत मावत नाही. फुलोरी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं बांधते, बाल्कनीतल्या कढीपत्त्यालासुद्धा. शिवाय नांगी नसलेली एक इवलीशी काळी माशी आहे. जुन्या भिंतीच्या फटीतून तिच्या घराचं मेणाचं नळकांडं बाहेर डोकावत असतं आणि त्या वाड्यात जन्म काढलेल्यांनाही ते दिसलेलं नसतं. पाचवी मेलिफेरा, युरोपातली. ती १९६० च्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा इथं रुजवली गेली आणि आज उत्तरेत मोहरीच्या शेतांमागे ट्रकांतून हिंडते. मध भरपूर देते. शहरात आम्ही तिला आणत नाही. हा अलिखित नियम आहे आणि त्यावरून आमच्यात भांडणंही झाली आहेत.

पेटी उघडायची ती सकाळी, ऊन जरा वर आल्यावर, कामकऱ्या बाहेर पडलेल्या असताना. ताईंच्या गच्चीवर पेटीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे आहेत, मुंग्या चढू नयेत म्हणून. धुरांड्यात नारळाच्या शेंड्या धुमसतात. दोन फुंकर धूर पुरतो, जास्त दिला तर सातेरी बिथरते. झाकण उचललं की आधी वास येतो, मेणाचा, तापल्या लाकडाचा, आणि आत काहीतरी गोड मुरत असल्याचा. चौकट उचलायची सरळ, हिसका न देता. इथं हात आपोआप मंदावतो. एरवी भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, स्वतःशीही घाईनं वागणारी मी, चौकट हातात असेपर्यंत दुसरीच कुणी असते.

चौकटीच्या मधोमध पिल्लांची घरं, तपकिरी मेणानं बंद केलेली. त्यांच्याभोवती परागाचा पट्टा, पिवळा, शेंदरी, मध्येच एखादं घर राखाडी. वरच्या कडेला मध. ताई चष्मा कपाळावर ढकलतात, सूर्य पाठीशी घेतात आणि घरांच्या तळाशी अंडी शोधतात. दीड मिलिमीटरची पांढरी काडी, उभी ठेवलेली. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेल्या डोळ्यांना ती लगेच दिसते. मला तिरकी मान करूनही कधी दिसते, कधी नाही. उभं अंडं म्हणजे ताजं, तीन दिवसांत त्यातून अळी निघणार. म्हणजे राणी आत आहे, ठीक आहे, तिला शोधत बसायचं कारण नाही. पण कधी ती समोरच येते. लांबट, काळपट. रिकाम्या घरात आधी डोकं घालून पाहते, स्वच्छ आहे ना याची खात्री करते, मग वळून पोट आत सोडते. भोवती कामकऱ्या तिच्याकडे तोंडं करून उभ्या, आणि तिनं पाऊल टाकलं की त्या मागं सरून वाट देतात. हे पाहताना ताईंचं तोंड किंचित उघडं राहतं. मग त्या म्हणतात, “चला, झाकण लावा, ऊन लागतंय त्यांना.”

काकांचा विषय वेगळा. त्यांनी एका पेटीला काचेची बाजू बसवून घेतली आहे आणि त्या काचेसमोर ते कोनमापक घेऊन बसतात. माशी फुलं सापडल्यावर परत येऊन पोळ्यावर नाचते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि त्यासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. उभ्या पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. नाचाची रेघ त्या उभ्या रेषेशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्यात. रेघेवर थरथरणं जितकं लांबेल तितकं अंतर जास्त. काका कोन मोजतात, घड्याळ पाहतात, पुण्याचा नकाशा पसरतात आणि जाहीर करतात, “टेकडीवर गिरिपुष्प फुललंय.” फेब्रुवारीत ते फुलतंच, त्याला कोनमापक कशाला, असं मी एकदा म्हणाले. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या गिरिपुष्पाचीही गंमत आहे. वेताळ टेकडीवर ते लावलं गेलं तेव्हा परदेशी झाड म्हणून निसर्गप्रेमींनी नाकं मुरडली आणि त्यांचं चुकलंही नाही. त्यानं देशी झाडांची जागा खाल्ली. पण निष्पर्ण फांद्यांवर ती गुलाबी फुलं आली की माश्यांना देशी-परदेशी वाद सुचत नाही. पेटी ठेवल्यापासून माझा पुण्याचा नकाशाच बदलला आहे. सातेरी घरापासून साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत जाते. तेवढ्या वर्तुळातली झाडं हीच तिची आणि आता माझीही दुनिया. थंडीत शेवगा, मग गिरिपुष्प, मार्चमध्ये कडुनिंब आणि जांभूळ, पाठोपाठ करंज. त्या दिवसांत शाळेसमोरच्या करंजाखाली सकाळी उभं राहिलं तर झाडच गुणगुणतं. एप्रिल-मेमध्ये पीतमोहर रस्ते पिवळे करतो. मग जुलै-ऑगस्टचा उपास. पुणेकर पावसाच्या कविता करतात तेव्हा पेटीत दुष्काळ असतो आणि आम्ही साखरेचा पाक करून ठेवतो. त्या दिवसांत कुंपणावरची आइस्क्रीमची वेल किती जिवांना तारते ते तिला निकाली काढणाऱ्या माळ्याला कोण सांगणार? ऑक्टोबरात सप्तपर्णीच्या वासानं लोकांची डोकी दुखतात, माश्यांची दुखत नाहीत.

रस्त्याच्या दुभाजकावर कोनोकार्पसची रांग दिसली की मात्र जीव तुटतो. बारा महिने हिरवं, कापलं तरी वाढणारं, आणि माशीच्या फारसं कामाचं नाही.

मधाबद्दल विचारतात सगळेच. पहिला प्रश्न, “किती निघतो?” दुसरा, “शुद्ध असतो का?” सातेरीची पेटी वर्षाला चार-पाच किलो देते, तेही रानात. शहरात त्याहून कमी, आणि काही वर्षी काहीच नाही, कारण पावसाळ्यासाठी तो त्यांनाच लागतो. एक कामकरी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध जमवते. हे कळल्यावर आमच्यातल्या एकानं चहात मध घालणं सोडलं. मी सोडलेलं नाही. शुद्धतेच्या घरगुती परीक्षा, पाण्याच्या ग्लासात थेंब टाकणं, कागद पेटवणं, यांतली एकही भरवशाची नाही. थंडीत मध बाटलीत गोठून दाणेदार झाला म्हणजे त्यात साखर आहे, हाही गैरसमजच. तो तसा होतोच. मात्र रस्त्यावर बादलीत माश्यांसकट पोळ्याचा तुकडा ठेवून ‘ताजा मध’ विकणारा दिसला, तर पोळं खरं आणि खालचा पाक गुळाचा असण्याची शक्यता बरीच असते.

मधासाठीच जीव टाकायचा असेल तर महाबळेश्वरला जावं. तिथल्या डोंगरांत जांभूळ, हिरडा, गेळा आहे, आणि सात-आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी एकदम फुलते तेव्हा पोळी जड होतात. त्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. तिथं मधावर घरं चालतात. आमच्या गच्च्यांवर तसं काही होणार नाही, आणि तसा आव आणणाऱ्यांचा मला रागच येतो. हल्ली २० मे जवळ आला की कचेऱ्यांमधून फोन येतात. स्लोव्हेनियातल्या आंतोन यांशा या मधपाळाचा तो जन्मदिवस, १७३४ सालचा. संयुक्त राष्ट्रांनी ठरवल्यावर २०१८ पासून तो जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळतात. “आमच्या टेरेसवर दहा पेट्या ठेवून द्या ना, फोटो काढायचेत.” टेरेसवर झाड नाही, खाली झाड नाही, समोर काचेच्या इमारती. माश्यांनी खायचं काय? लंडनमध्ये ही हौस इतकी वाढली की क्यू उद्यानाच्या २०२० च्या अहवालात तज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला: पेट्या वाढल्या, फुलं तेवढीच राहिली, आणि पाळीव माश्यांनी रानटी माश्यांच्या तोंडचा घास काढला. म्हणून फोनवर आम्ही पेटी नाही, करंजाची रोपं देऊ करतो. मग बहुतेक फोन बंद होतात.

पेट्यांपेक्षा माझं मन रमतं ते सुटकेच्या कामात. पुण्यात सध्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात त्या झपाट्यानं. माणसं सामान घेऊन निघतात, वीज तुटते, आणि जिन्याखालच्या मीटरच्या लाकडी पेटीत सातेरीला मनासारखी अंधारी खोली मिळते. कोथरूडमधल्या अशाच एका इमारतीत पाडकामाच्या आदल्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. दाराखिडक्या काढून नेलेल्या, भिंतीवर कुणाच्या तरी मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा, आणि मीटरच्या पेटीच्या भोकातून माश्यांची निवांत ये-जा.

फवारणी सोडलेल्या त्या तरुणानं फळी काढली. आत एकामागे एक पांढरट-तपकिरी पोळी. त्यानं सगळ्यात आधी पिल्लांचं पोळं पातळ सुरीनं मुळाशी कापलं, हातावर तोललं आणि रिकाम्या चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं बांधलं. दोन-तीन दिवसांत माश्या ते मेणानं चौकटीला जोडतात आणि सोपट कुरतडून बाहेर फेकतात. मग राणी. ती फळीच्या मागच्या कोपऱ्यात पळाली होती. तिला काडेपेटीत घेतलं, काडेपेटी चौकटींच्या मधे ठेवली. त्यानंतर आमचं काम संपलं आणि त्यांचं सुरू झालं. पेटीच्या दारात चार-पाच माश्या पोट वर करून पंख फडफडवायला लागल्या. शेपटाकडच्या ग्रंथीतला गंध त्या वाऱ्यावर सोडत होत्या: इकडे या, राणी इकडे आहे. भिंतीवर गोळा झालेल्या माश्या आधी एक-एक, मग ओघानं पेटीत शिरल्या. पाडकामाचा मुकादम विडी विझवून पाहत उभा होता. कानडी मुलखातला माणूस. म्हणाला, आमच्या आजोबांच्या अंगणात मडक्यात असायच्या. अंधार पडल्यावर दाराला जाळी लावून पेटी स्कूटरवर घेतली तेव्हा त्यानं स्वतःहून रस्त्यावरचे दगड बाजूला केले.

मधमाश्यांना शहर नवं नाही. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९४९ मध्ये म्युनिकमध्ये एक लटकलेला थवा न्याहाळत होते. महायुद्धात शहराचे ढिगारे झालेले. थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या त्यांना मळलेल्या दिसल्या, कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या चुऱ्यानं लाल. फुलांवरून आलेली माशी अशी दिसत नाही. त्या धुराड्यांतून, पडक्या भिंतींतून नवं घर शोधून आल्या होत्या आणि नाचून आपापल्या जागेची शिफारस करत होत्या. माणसांनी जाळून टाकलेल्या गावात त्या जागा पाहत फिरत होत्या.

पण सातेरीचं कौतुक करणं सोपं आहे. ती लहान, गरीब, पेटीत मावणारी. शहरातल्या मधपाळाची खरी कसोटी आग्यापाशी लागते, कारण तिला पाळता येत नाही, तिचा मध आपण घेत नाही, आणि ती डसते. ही गोष्ट लपवून काही उपयोग नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर आग्या उठून माणसं जायबंदी झाली आहेत, दगावलीही आहेत. एकीनं नांगी मारली की त्या जागेवरून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो; म्हणूनच पळताना थांबून झटकत बसू नये, सरळ बंद खोली गाठावी.

तरी ती उगाच उठत नाही. सोसायटीच्या सभेत मी हेच सांगते. त्यांच्याच सातव्या मजल्याच्या कठड्याखालचं मोहोळ दुर्बिणीतून पाहायला देते. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या पोटं वर झटकतात, आणि वाऱ्यानं भातशेतावरून जावी तशी एक लाट त्या पडद्यावरून सरकते. पुन्हा, पुन्हा. गांधीलमाशी गोंधळते आणि निघून जाते. नांगी चालवायची वेळच येत नाही. दुर्बीण मुलांच्या हातात गेली की परत मिळत नाही, आणि मग आयांचा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा सेक्रेटरींकडे असतो. त्यांना मी कोरडी यादी देते: संक्रांतीला त्या बाजूनं पतंग नको, लग्नाचे फटाके नकोत, कठड्याजवळचा रात्रीचा दिवा बंद, कारण दिव्याकडे या माश्या ओढल्या जातात. मधुबाज पोळ्यावर झडप घालू लागला तर खिडक्या लावून घ्या, तासाभरानं सगळं शांत होतं.

एका सभेत एक आजोबा म्हणाले, “फवारणी केली की संपलं. एवढं भाषण कशाला?” फवारणीवाला रात्री येतो. सकाळी खाली माश्यांचा खच, वर पोळं तसंच, त्यातला मध विषारी. तो कुणी बादलीत उतरवून नेला तर कुणाच्या चहात जाईल सांगता येत नाही. आणि जागा चांगली असेल तर पुढच्या दिवाळीला दुसरं मोहोळ त्याच ठिकाणी. मी हे सगळं बोलले. आजोबांनी हात वर केला नाही. ठराव मात्र एका मताच्या फरकानं आमच्या बाजूनं झाला.

कधी कधी ठराव व्हायला नकोच असतो. पोळं शयनगृहाच्या खिडकीला लागून असेल, घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, खाली अंगणवाडी असेल, तर आम्हीच जाणत्या माणसाला घेऊन जातो. अंगभर पोशाख घालून, धूर देऊन तो माश्यांना न मारता उठवतो आणि पोळं काढतो. तिथं हट्ट धरणं म्हणजे माश्यांचे शत्रू वाढवणं. ते काम हौशी माणसानं, लांब काठीला पेटता बोळा बांधून तर अजिबात, करू नये.

तेव्हा यंदा दिवाळीनंतर तुमच्या इमारतीला मोहोळ लागलं तर एवढं करा. आधी ते खिडकीपासून किती लांब आहे ते पाहा. लांब असेल तर त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, मुलांना दुर्बीण द्या, वॉचमनला दगड मारणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगा. जवळ असेल तर फवारणीच्या आधी मधमाश्या हलवणाऱ्या कुणालातरी फोन करा. पुण्यात अशी माणसं आहेत, इतर शहरांतही सापडतील. बाकी काही करायचं नाही. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला त्या आपणहून जातात.